गायरानावरचं सोमसूत्र

सोनपेठच्या बाजारपेठेत लिंगराजआप्पांचं किराणा दुकान होतं. ते बुडवायला बाहेरच्या शत्रूची गरज पडली नाही, पोटचा थोरला मुलगा बसप्पा पुरेसा होता. बसप्पा गल्ल्यावर बसला की गिऱ्हाइकानं विचारायच्या आधीच सांगायचा, "तुरीची डाळ आज नेऊ नका, भुंगा लागलाय." गूळ मागितला तर म्हणायचा, "समोरच्याकडं ह्याच्यापेक्षा चांगला आलाय." लिंगराजआप्पा कपाळाला हात लावून बसत. "आरं, खोटं बोल म्हनत न्हाई मी तुला. पर गप बसाया काय हुतंय?"

बसप्पाला गप बसणंही जमत नसे. शेवटी बापानं दुकान धाकट्याच्या हवाली केलं आणि बसप्पाला त्याच्या सासुरवाडीला, गोदावरीकाठच्या थडीवाडीला धाडून दिलं. बायको चन्नबसम्मा आईबापाची एकुलती एक, तिच्या वाटणीचं रान होतं, ते कसून खा म्हणाले.

खोटं न बोलणाऱ्या माणसाचा गावाला उपयोग फार असतो, पण सोबत नको असते. बांधाचा तंटा निघाला की साक्षीला बसप्पा हवा. सोयरीक जुळवायला निघालेल्या गाडीत मात्र त्याला कुणी बसवत नसे. उंच, काटकुळा, कपाळाला भस्माचे पट्टे, गळ्यात चांदीच्या करंड्यात इष्टलिंग. बोलायला खालच्या आवाजाचा आणि रागाला लवकर न येणारा. असा माणूस गावाच्या हिशेबात थोडा वेडाच धरला जातो.

दुसऱ्या जागतिक लढाईच्या दिवसांत सरकारचा हुकूम आला आणि थडीवाडीचं गायरान विमानांसाठी राखून ठेवलं गेलं. हैदराबादकडून शिकाऊ विमानं उडत, त्यातलं एखादं वाटेत अडचणीत आलं तर उतरायला जागा असावी, एवढाच त्यामागचा विचार. जागेला चौकीदार हवा होता. किशनराव पाटलांनी बसप्पाचं नाव सांगितलं. "ह्याला ठेवा, साहेब. गुरं शिरली तर सोताची बी कोंडवाड्यात घालील असला मानूस हाय."

वर्दीतला एक साहेब येऊन बसप्पाला काम शिकवून गेला. बांबूवर कापडाची लांब पोकळ बाही टांगायची, ती फुगून ज्या अंगाला वळेल त्यावरून वैमानिकाला वारा कळतो. बायका म्हणायच्या, कुण्या राक्षसाचा अंगरखा वाळत घातलाय. मैदानाच्या दोन्ही कडांना चुन्यानं पांढऱ्या रेघा मारायच्या. मैदानावर धोका असेल तर मधोमध लाल कापडाची फुली पसरायची, ती दिसली की वैमानिक उतरत नाही. आणि चाकांकडे बघायचं. ह्या विमानांची चाकं उडताना पोटात दुमडतात, उतरताना बाहेर येतात. एखादं अडकलं तर आत बसलेल्याला ते दिसत नाही, खालच्यानं सांगायला लागतं. साहेब आपल्या दखनीत म्हणाला होता, "विमान जिधर जाता उधर मूं करके खडे रहना. जिधर का पहिया नैं, उधर का हात उप्पर." बसप्पानं ते पाठ करून टाकलं.

त्याच्या हाताखाली आश्रुबा होता. आश्रुबा गावकुसाबाहेरच्या वस्तीतला. लग्नात, जत्रेत हलगी वाजवायचा आणि एरवी मिळेल ते काम करायचा. काळी जमीन उन्हाळ्यात उलते, पाय जाईल एवढ्या भेगा पडतात. दोघं मिळून त्या मुरूम भरून बुजवत आणि वर धुम्मस घालून जमीन ठोकून घट्ट करत. मैदान लांब, एका टोकाची हाक दुसऱ्या टोकाला जायची नाही, म्हणून त्यांनी खुणा ठरवल्या होत्या. बसप्पानं डोक्याचा रुमाल काढून गरागरा फिरवला की त्याचा अर्थ, असशील तिथून बाजूला पळ. हातातली पाटी टाकून आश्रुबा निघायचा, का म्हणून विचारायचा नाही.

बसप्पाच्या घरी रोज पूजेच्या वेळी "शिवाचे शरण सगळे सारखे" असं म्हटलं जाई; शरण म्हणजे शिवभक्त. म्हणण्यात कधी खाडा पडला नाही. दुपारी भाकरीच्या वेळेला मात्र आश्रुबा बाभळीखाली आणि बसप्पा लिंबाखाली. आश्रुबाला पाणी वरून ओंजळीत. ह्यात काही वावगं आहे असं दोघांपैकी कुणालाच वाटत नव्हतं, आणि वाटत असलंच तर आश्रुबानं ते बोलून दाखवलं नव्हतं.

ती महाशिवरात्र होती. विमान उतरतं त्या दिशेनं बघितलं तर गायरानाच्या उजव्या कडेला टेकाडावर महादेवाचं देऊळ आहे, पंचक्रोशीतली माणसं सकाळपासून तिथं जमली होती. बायका घागरींनी अभिषेकाचं पाणी वाहत होत्या. बसप्पा उपाशीपोटी मैदानावरच होता. विमानाचा आवाज आला तेव्हा त्यानं आधी कापडाची बाही बघितली आणि मग वर मान केली.

विमान खाली आलं, चाकं बाहेर पडली. उजवं चाक सरळ खाली आलेलं आणि डावं अर्धवट दुमडून पोटालाच चिकटलेलं. बसप्पा धावत मधोमध गेला, तोंड फिरवून उभा राहिला आणि त्यानं डावा हात वर धरला. विमान डोक्यावरून घोंघावत गेलं, पुढं जाऊन त्यानं पंख हलवले. म्हणजे वैमानिकाला कळलं होतं.

मग वैमानिकानं चाक सोडवायची खटपट केली. विमान उंच नेऊन झपकन खाली आणलं, हिसका दिला, पुन्हा वर नेलं. चाक हललं नाही. साहेबानं बसप्पाला हेही सांगून ठेवलं होतं, की चाक सुटलं नाही तर एका चाकावर उतरावं लागतं आणि टाकीत पेट्रोल भरपूर असलं तर आग लागते. म्हणून आधी घिरट्या घालून पेट्रोल जाळायचं. तसंच झालं. विमान देवळाच्या टेकाडाभोवती गोल गोल फिरू लागलं.

बसप्पाला जे पेट्रोल जाळणं दिसत होतं, ते टेकाडावरच्या माणसांना वेगळंच दिसलं. गावातली सगळ्यात म्हातारी बाई धुरपताबाई कपाळावर हात आडवा धरून बघत होती. ती एकदम ओरडली, "आगं बया! म्हादेवाला परदक्षिणा घालायलाय की गं!"

झालं. बायकांनी हात जोडले. देवळाचे जंगम चन्नप्पा तेवढे नाराज दिसले. "परदक्षिणा कसली? सोमसूत्र वलांडायलाय त्यो." पिंडीवरच्या अभिषेकाचं पाणी ज्या पन्हाळीतून देवळाबाहेर पडतं ते सोमसूत्र. शंकराची प्रदक्षिणा अर्धीच, सोमसूत्रापर्यंत जायचं आणि मागं फिरायचं, ती वाट ओलांडायची नाही, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. मग वाद रंगला. विमान वरून जातंय म्हणून दोष नाही, असं काहींचं म्हणणं पडलं. आजच्या दिवशी आलंय म्हणजे देवाचाच कुणी गण असेल, असं बाकीच्यांनी ठरवलं. पाहुणा उतरणार तर ओवाळायला नको? आरतीची ताटं निघाली, नारळ निघाले आणि सगळा लोंढा टेकाड उतरून गायरानावर आला, थेट मैदानाच्या मधोमध.

किशनराव पाटलांनी आश्रुबाला हाक मारली. "हलगी घे. पर हितं न्हाई, उपासाची मानसं हायती. त्या तिकडल्या बाभळीपाशी हो. इमान टेकलं की वाजीव." आश्रुबा मैदान ओलांडून डाव्या अंगाला गेला. बाभळीखाली त्यानं पाचोळा पेटवून, कातडं ताणलं जावं म्हणून हलगी शेकायला घेतली.

बसप्पा लोकांत शिरला. "मागं सरा! चाक अडकलंय त्याचं. एका चाकावर उतरनार हाय, पडंल!"

पडणार म्हटल्यावर माणसं मागं सरतात असं ज्याला वाटतं, त्याला गाव माहीत नाही. लांब उभे असलेलेही पुढं आले. "कुटं पडनार?" म्हणून विचारू लागले. कुणी म्हणालं, सरकारचा मानूस झाला म्हणून देवाच्या पाहुण्याला बी अडवायलाय. चन्नबसम्मा डोक्यावर घागर घेऊन तिथंच उभी होती. एरवी ज्याच्या शब्दावर बांध सरकत, त्याचा खरा शब्द त्या सकाळी कुणी उचलून घेतला नाही.

राहिली लाल फुली. बसप्पानं कापड काखेत मारलं आणि मोकळी जागा शोधत पळाला. फुली पसरली की विमान उतरणार नाही, माणसं वाचतील. पण विमान जाणार कुठं? एका टोकाला गोदावरीचा खडकाळ घाट, दुसऱ्या टोकाला उभी ज्वारी. तो कापड उलगडणार तेवढ्यात वरचा आवाज तुटला. इंजिन एकदा खोकलं, पुन्हा लागलं, पुन्हा खोकलं. पेट्रोल संपत आलं होतं. आता फुली घालणं म्हणजे वर बसलेल्या माणसाला मर म्हणून सांगणं, आणि न घालणं म्हणजे खाली उभ्या गावाला. त्या गर्दीत त्याची बायको होती, ती त्याला दिसतही होती.

त्यानं कापड तसंच न उलगडता फेकलं. पळत चन्नबसम्मापाशी आला, तिच्या डोक्यावरची अभिषेकाच्या पाण्याची घागर ओढून घेतली आणि उजव्या कडेच्या चुन्याच्या रेघेवर पाणी ओतत धावत सुटला. त्या माणसाचा आवाज कधी कुणी चढलेला ऐकला नव्हता. तो बेंबीच्या देठापासून ओरडत होता, "सोमसूत्र! म्हादेवाचं सोमसूत्र हितून गेलंय! तुमी ते वलांडून आलाव! माघारी फिरा, रेघेच्या पलीकडं उजव्या अंगाला व्हा! परत वलांडू नका! सोमसूत्र!"

बसप्पा खोटं बोलत नाही, हे सगळ्यांना माहीत होतं. माणसं चटका बसल्यागत मागं सरली. बायकांनी लेकरं ओढली, म्हाताऱ्यांनी काठ्या उचलल्या, धुरपताबाईला दोघांनी धरून नेलं. बघता बघता सगळा लोंढा पाण्याच्या ओल्या पट्ट्याच्या पलीकडं, देवळाच्या बाजूला जाऊन हात जोडून उभा राहिला. एकटी चन्नबसम्मा नवऱ्याकडे बघत होती. घागरीत विहिरीचं पाणी होतं आणि ते देवळात पोचलंही नव्हतं, हे तिला ठाऊक होतं.

उजवीकडंच का, हेही बसप्पाच्या डोक्यात पक्कं होतं. गाडीचं डावं चाक निखळलं की गाडी डावीकडं ओढते, विमानाचंही तेच. त्यानं डाव्या अंगाला एकवार नजर टाकली. मोकळं रान दिसलं. बाभळीची सावली दिसली. त्या सावलीत कुणी आहे का, हे त्यानं बघितलं नाही. गाव तर सगळं उजवीकडं आलं होतं.

विमान उतरलं. वैमानिकानं डावा पंख उचलून धरला होता, सगळा भार उजव्या चाकावर घेतला होता. चाक टेकलं, धूळ उठली, विमान त्या एका पायावर सरळ पळत राहिलं. "हर हर म्हादेव!" म्हणून लोक ओरडले. बसप्पाच्या डोळ्यांतून घळघळा पाणी आलं. वाचला, असं त्याला वाटलं.

तेवढ्यात डाव्या अंगाकडून हलगी वाजू लागली.

बसप्पानं डोक्याचा रुमाल ओढून काढला आणि गरागरा फिरवला. बाभळीखालून आश्रुबानं तो बघितला, आणि बघितल्याबरोबर हलगी टाकून तो पळाला. पण विमानाचा वेग तोवर कमी झाला होता. डावा पंख हवेवर तरेना, खाली पडला, जमिनीत रुतला आणि सगळं विमान त्या पंखाभोवती डावीकडं फिरलं. त्याचं नाक बाभळीला जाऊन आदळलं, आणि बाभळीच्या अलीकडं आश्रुबा सापडला.

आग लागली नाही. वैमानिक विशीतला पोरगा होता, त्याचा हात मोडला आणि कपाळ फुटलं. तो स्वतःच बाहेर आला. बसप्पानं त्याच्याकडे बघितलंही नाही. तो आश्रुबापाशी बसला, त्याचं डोकं मांडीवर घेतलं. एवढी वर्षं एकत्र राबून त्यानं आश्रुबाला पहिल्यांदा हात लावला होता. त्यानं पाणी मागवलं आणि या वेळी ओंजळ न करता तांब्या त्याच्या तोंडाला लावला.

"आश्रुबा, म्या वरडलो व्हतो रं. आयकलं न्हाईस का?"

"आयकलं की, आप्पा." आश्रुबाला दम लागत होता. "सोमसूत्र म्हनलाव तुमी. म्हनलं, देवळाचं काय तरी असंल. तिकडं उपासाची मानसं. आमचं काय काम तितं." मग म्हणाला, "आदी रुमाल फिरवला आसता तर…" दिवस मावळायच्या आत आश्रुबा गेला.

गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक, असं मी मघाशी सहज लिहून गेलो. गाव म्हणताना आपण कुणाकुणाला मोजतो, ते असं कळतं. बसप्पानंही तेच केलं होतं. आश्रुबाला ह्या मैदानाची मातीन् माती माहीत होती, लाल फुली माहीत होती, बाहीवरून वारा कळत होता. कामाची एक खूण वेळेवर केली असती तर पहिला तोच हलला असता. पण ज्या देवळाच्या पायरीला त्याला कधी शिवू दिलं नाही, त्या देवळातला शब्द वापरून बसप्पानं माणसं वाचवायला घेतली, आणि जो त्या शब्दाच्या बाहेर होता तो तेवढा मागं राहिला.

पाथरीहून तहसीलदार आले, सगळ्यांदेखत बसप्पाची पाठ थोपटून "शाबास" म्हणाले. बसप्पा त्यांना तिथंच म्हणाला, "साहेब, माझ्यामुळं एक मानूस मेलाय." तहसीलदारांना वाटलं, भला माणूस आहे, जिवाला लावून घेतलंय.

गावाला त्यानं चावडीवर उभं राहून सांगितलं, "ते सोमसूत्र नव्हतं. म्या खोटं बोललो." कुणी ऐकून घेतलं नाही. चन्नप्पा जंगम समजुतीच्या सुरात म्हणाले, "बसप्पा, तुझ्या तोंडून देवच बोलला." पुढच्या सोमवारी त्या चुन्याच्या रेघेवर कुणीतरी बेल वाहून गेलं. आयुष्यभर खरं बोललेल्या माणसाचं एकच खोटं गावानं कवटाळलं, आणि ते खोटं आहे हे त्याचं खरं मात्र शेवटपर्यंत मानलं नाही.

आश्रुबाच्या बायकोचं नाव तानुबाई. तिला मूलबाळ नव्हतं. बसप्पा तिच्या दारात गेला आणि उभ्यानंच सगळं सांगितलं, काही राखून ठेवलं नाही. ती खाली मान घालून ऐकत होती. तिनं रडारड केली नाही, शिव्याशाप दिले नाहीत. शेवटी एवढंच विचारलं, "आप्पा, सोमसूत्र म्हंजी काय आसतंय?"

त्यानं सांगायचा प्रयत्न केला. पन्हाळ, पाणी, अर्धी प्रदक्षिणा. तिला उलगडा होईना. "मला दावताव का?" ती म्हणाली. "ज्याच्यापायी मानूस गेलं ते एकदा बगावं म्हनते."

"दावतो," बसप्पा म्हणाला. म्हणाला खरा, पण नेलं नाही. इथं त्याची कड घ्यावी असं मला वाटत नाही. तो भ्याला. तानुबाईला देवळात नेणं म्हणजे काय, हे त्याला पक्कं कळत होतं. हुक्कापाणी बंद, सोनपेठच्या भावकीत तोंड दाखवायची सोय नाही, चन्नबसम्माला पाणवठा तुटणार. विमानं यायची थांबली, लढाई संपली, मैदानावर पुन्हा गवत माजलं. तानुबाई वाटेत दिसली की तो मान खाली घालायचा. तिनं पुन्हा कधी विचारलं नाही. तेच त्याला जास्त लागायचं. रात्री जेवताना त्याचा घास हातातच राहायचा.

एका महाशिवरात्रीला चन्नबसम्माच म्हणाली, "तुमी दिलेला शब्द खोटा पाडायलाव. एक खोटं बोललाव तवा मानसं तरी वाचली. ह्यानं कोन वाचतंय?"

बसप्पा उठला आणि भर दुपारी, देवळापुढं माणूस मावत नव्हता तेव्हा तानुबाईला घेऊन टेकाड चढला. पुढं तो, मागं ती, तिच्यामागं घागर घेतलेली चन्नबसम्मा. गर्दीतून आपोआप वाट झाली, कारण कुणालाच अंगाला अंग लागू द्यायचं नव्हतं. किशनराव पाटील आडवे आले. "बसप्पा, काय करायलास तू?"

"सोमसूत्र दावायलोय," बसप्पा म्हणाला. "आश्रुबाला दावायचं ऱ्हायलं व्हतं."

पाटलांना काय वाटलं कोण जाणे, ते बाजूला झाले. पुढं गावानं बसप्पाला वाळीत टाकलं. देशात राज्य बदललं, निजामाचा अंमल गेला, तरी थडीवाडीत त्याच्या घरचं पाणी कुणी प्यायलं नाही. त्याबद्दल त्यानं कधी कुरकूर केली नाही.

देवळाच्या मागच्या अंगाला भिंतीतून दगडी पन्हाळ बाहेर आली आहे. त्यातून पाणी पडत होतं आणि खालच्या अरुंद चरातून वाहत होतं. चर वीतभर रुंद. पाण्यात बेलाची पानं अडकली होती. तानुबाई चराच्या अलीकडं उभी राहिली.

"हेच?"

"हेच."

"आन् हे वलांडायचं नसतंय?"

"न्हाई."

ती खाली बसली. पाण्याला हात लावला नाही, नुसती बघत राहिली. मग तिनं मान वर केली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि बसप्पाला तो असता तर बरं झालं असतं.

"आप्पा," ती म्हणाली, "त्यांनला कुनी तरी सांगून ठिवाया पायजे व्हतं. सांगितलं आसतं तर तुमच्या आधी रेघंच्या पलीकडं जाऊन हुबं ऱ्हायलं आसतं. देवाला लय मानत व्हतं वो ते."